किती आटे? एका नगरपरिषदेच्या पाण्याचा प्रकरण अभ्यास

आस्थापना विभागाकडून निवृत्त होणाऱ्यांची यादी माझ्या टेबलावर आली तेव्हा चाचांच्या नोकरीचे अकरा महिने उरले होते. पदनाम व्हॉल्व्हमन, वर्ग 4, आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: 'पद व्यपगत'. म्हणजे माणूस निवृत्त झाला की जागाही संपली, पुढचं काम ठेकेदाराची पोरं बघतील. अशा यादीवर सही करायला मिनिटसुद्धा लागत नाही. मीही केली असती. पण त्याच्या दोन महिने आधी चाचा नऊ दिवस दवाखान्यात होते, आणि त्या नऊ दिवसांत गावाची काय दशा झाली ते मी पाहिलं होतं.

मी तेव्हा त्या नगरपरिषदेत पाणीपुरवठा अभियंता होते. गाव मांजरा खोऱ्यातलं, तालुक्याचं. नाव लिहीत नाही, कारण झालेल्या चुकीचे वाटेकरी बरेच आहेत आणि त्यांत मीही आहे. सगळं तपशिलात मांडते आहे, कारण कार्यालयातलं जाणतेपण कुठे राहतं, ते दुसऱ्याकडे कसं जातं आणि कशाने अडतं, हे मला पुस्तकांपेक्षा या एका प्रकरणाने जास्त शिकवलं.

जमिनीखालचं गाव

धरणावरून रायझिंग मेनने, म्हणजे पंपाने पाणी चढवणाऱ्या मुख्य लाईनने, पाणी फिल्टरवर येतं. जलशुद्धीकरण केंद्राला आमच्याकडे सगळे फिल्टरच म्हणतात. तिथून तीन टाक्यांत आणि टाक्यांतून गावात. आठवड्यातून एकदा प्रत्येक गल्लीची बारी. जिथे चोवीस तास पाणी असतं तिथे व्हॉल्व्हला क्वचित, दुरुस्तीपुरता हात लागतो. आमच्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत व्हॉल्व्ह उघडायचे नि बंद करायचे हाच पाणीपुरवठा. त्यात स्लुईस व्हॉल्व्ह मुळात पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद ठेवण्यासाठी बनवलेला असतो. अर्धवट उघडून पाणी कमीजास्त करू लागलं की आतली पाटी थरथरते, झिजते. हे मला ठाऊक होतं, चाचांनाही ठाऊक होतं. पण उंच गढीवर आणि ओढ्याकाठच्या वस्तीत एकाच टाकीचं पाणी द्यायचं तर दुसरा मार्ग नव्हता. खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आवळून धरल्याशिवाय गढीवर थेंब चढत नाही.

जमिनीखाली चार पिढ्यांच्या लाईन आहेत. जुन्या पेठेत बिडाची, तिच्यानंतरची एसी म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट पाईपची, मग पीव्हीसी, आणि नव्या वसाहतींत काळा एचडीपीई. कार्यालयात नकाशे आहेत, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात 'प्रस्तावित' असा शिक्का. काम झाल्यावर प्रत्यक्षात लाईन कुठून गेली याचा नकाशा कोणी करून दिला नाही आणि नगरपरिषदेने कोणाकडे मागितला नाही. कागदावर सरळ गेलेली लाईन जमिनीखाली एखाद्या वाड्याला वळसा घालते, कारण खोदताना दगडी पाया लागला आणि ठेकेदाराने तिथेच दिशा बदलली. त्या दिवशी तिथे फावडं घेऊन उभा असलेला रोजंदार म्हणजे चाचा.

काळ्या मातीने यात आणखी भर घातलेली. ही जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसाने फुगते. एसी पाईपचे सांधे त्या ओढाताणीत सुटतात. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की चाचा तिसऱ्या दिवशी कोणी न सांगता ठरावीक पाच-सहा ठिकाणी चक्कर मारत. त्यातल्या दोन-तीन ठिकाणी दर वर्षी ओल दिसायचीच. आमच्या गळती नोंदवहीत मात्र तारीख आणि खर्च एवढंच. जागा म्हणून 'मेन रोड'.

नऊ दिवस

चाचा आजारी पडले त्या आठवड्यात ठेकेदाराच्या दोन पोरांना चावी दिली. टी-आकाराची, छातीपर्यंत उंच लोखंडी चावी. पोरं कष्टाळू होती. पहिल्याच दिवशी वेशीजवळचा व्हॉल्व्ह त्यांना उघडेना. त्यांनी दोघांनी मिळून जोर लावला आणि स्पिंडल, म्हणजे आतला फिरणारा दांडा, तुटला. आटा म्हणजे चावीचा एक पूर्ण फेरा. तो व्हॉल्व्ह उलट्या आट्याचा होता, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह डावीकडे फिरवून उघडतात तर हा उजवीकडे. बंद असलेला व्हॉल्व्ह ते आणखी आवळत होते. गावात असे उलटे व्हॉल्व्ह एकूण चार आहेत, हे आम्हाला नंतर कळलं. चाचांना पंचवीस वर्षांपासून माहीत होतं.

स्पिंडल बदलायला चेंबर खोदलं. व्हॉल्व्हच्या मागचं पाणी बंद करायचं तर वरचा व्हॉल्व्ह हवा, आणि तो रस्त्याच्या डांबराखाली गेला असावा असं आम्हाला वाटलं. तीन ठिकाणी रस्ता फोडला, तो सापडला नाही. शेवटी टाकीच रिकामी केली. गढीच्या दोन बाऱ्या गेल्या, म्हणजे पंधरा दिवस नळाला पाणी नाही. मोमीनपुऱ्यात उलटा प्रकार: व्हॉल्व्ह झटकन पूर्ण उघडला, लाईनमधल्या हवेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, सांधा फुटला. आठव्या दिवशी नगरपरिषदेवर हंडा मोर्चा आला. पुढे उभ्या असलेल्या एका आजींनी मला विचारलं, "चाचा कुठं हायेत?" त्यांनी माझं नाव किंवा पद विचारलं नाही, मुख्याधिकाऱ्यांचंही नाही. पाण्याचा कारभार कोणाकडे आहे हे त्यांना बरोबर माहीत होतं.

आधी केलेल्या दोन गोष्टी

मुख्याधिकारी साहेबांनी आदेश दिला, 'सदर कर्मचाऱ्याकडून संपूर्ण माहिती लेखी स्वरूपात प्राप्त करून घ्यावी.' मी नमुना केला. चौदा रकाने: व्हॉल्व्ह क्रमांक, व्यास, प्रकार, ठिकाण, स्थिती, शेरा वगैरे. चाचांची शाळा चौथीपर्यंत, तीही उर्दू माध्यमात. म्हणून एक लिपिक समोर बसवला. तीन आठवडे रोज दुपारी एक तास. साठेक ओळी भरल्या. 'स्थिती' या रकान्यात जवळजवळ सगळीकडे 'चालू', 'शेरा' या रकान्यात 'नाही'. कागद बिनचूक होता आणि त्याच्या आधारे एकही व्हॉल्व्ह चालवता आला नसता.

दुसरं म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतून एका एजन्सीने केलेला जीपीएस नकाशा. त्यांनी जे झाकण वर दिसलं त्याचा बिंदू टाकला. डांबराखाली, ओट्याखाली, टपरीखाली गेलेले व्हॉल्व्ह त्यात आलेच नाहीत. शिवाय तो नकाशा माझ्या खोलीतल्या संगणकावर, आणि व्हॉल्व्ह पहाटे पाचला गल्लीत. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

कार्यालयात एकच निदान ऐकू येत होतं: चाचा माहिती दडवतात. "सांगितलं तर त्यांना विचारणार कोण?" मलाही ते पटत होतं, आणि थोडा रागही होता.

चावी हीच ऑर्डर

एका संध्याकाळी मी चाचांच्या घरी गेले. बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या नोकरीचा हिशेब सांगितला. चौदा वर्षं रोजंदारी. त्या चौदा वर्षांत दोनदा रोजंदार कमी करण्याच्या यादीत त्यांचं नाव आलं. दोन्ही वेळा ते घरी बसले, दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्याची बोंब झाली आणि माणूस बोलवायला आला. कायम झाले ते खूप उशिरा. "मॅडम, मला कागदाची ऑर्डर लई उशिरा भेटली," ते म्हणाले. "त्याच्या आधी ही चावीच माझी ऑर्डर व्हती."

या वाक्यानंतर माझा राग राहिला नाही. ज्या संस्थेने चौदा वर्षं माणसाला टांगून ठेवलं आणि त्याच्या डोक्यातल्या माहितीमुळेच दोनदा परत घेतलं, तिने त्याला काय शिकवलं? माहिती हातची सोडू नकोस, तुझी भाकरी तिच्यावर आहे. आता तीच संस्था त्याच्यासमोर चौदा रकाने ठेवून म्हणत होती, सगळं लिहून दे आणि जा, तुझी जागाही आम्ही रद्द करतो आहोत. ज्याला आपण दडवणं म्हणतो ते बहुतेक वेळा संस्थेनेच माणसाच्या अंगी बाणवलेलं असतं. कोणत्याही कार्यालयात 'ज्ञान साठवण्याची प्रणाली' आणण्याआधी हे पाहावं, असं माझं ठाम मत आहे: तिथे सांगणाऱ्याचं काय होतं?

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. त्यांच्याकडे असलेलं बरंचसं त्यांना सांगता येतच नव्हतं. दडवायला ते आधी स्वतःला दिसावं लागतं.

ओठांवरची मोजणी

मी पहाटे त्यांच्याबरोबर फिरायला लागले. पहिला दिवस वेशीजवळच्या त्याच व्हॉल्व्हवर. नवा स्पिंडल बसवला होता. चाचांनी झाकण बाजूला केलं, चावी खाली उतरवली, चौकोनी टोकावर बसल्याचा 'टक' आवाज आला. मग फिरवायच्या आधी त्यांनी चावीच्या दांड्याला कान लावला. मला म्हणाले, "ऐका. आत पाणी बोलायलंय." मी कान लावला. बारीक घरघर होती. "टाकीत पाणी हाय, पण अर्ध्याच्या खाली. भरल्या टाकीचा आवाज जड असतोय."

मग चावी फिरली. सावकाश, दोन आटे, थांबले. थांबून त्यांनी गल्लीच्या तोंडाच्या नळाकडे पाहिलं. नळातून हवा फुसफुसत होती. ती संपून पाण्याची धार लागली तेव्हा पुढचे आटे. थांबले तेव्हा मी विचारलं, "किती आटे फिरवले चाचा?"

"अंदाजानं."

मी दुसऱ्या दिवशी हाताकडे न बघता चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. चोवीस आट्यांच्या व्हॉल्व्हला सातवर थांबत होते, आणि आपण मोजतो हे त्यांचं त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितल्यावर त्यांना नवल वाटलं. मग आम्ही मुद्दाम लक्ष ठेवलं: टाकी भरलेली असली तर सात, अर्ध्याखाली असली तर नऊ, चैत्र-वैशाखात लोक नळाला थेट मोटारी लावतात तेव्हा पाचच, कारण खालची वस्ती ओढून घेते आणि गढी कोरडी राहते.

माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून जास्त ठाऊक असतं, हे तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी 1966 मध्ये मांडलं. ज्ञान व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात ते सांगतात. मी ते परीक्षेत लिहिलं होतं. त्याचा अर्थ मला वेशीजवळ, त्या हलणाऱ्या ओठांवर कळला. व्यवस्थापनतज्ज्ञ इकुजिरो नोनाका यांनी जपानमधलं एक उदाहरण दिलं आहे. 1980 च्या दशकात मत्सुशिता कंपनी घरी पाव करण्याचं यंत्र तयार करत होती आणि यंत्रात कणीक नीट मळली जाईना. मापं घेऊन, चाचण्या करून भागलं नाही. शेवटी कंपनीतल्या एका बाईंनी ओसाकातल्या एका हॉटेलच्या नावाजलेल्या पाववाल्याकडे उमेदवारी केली आणि तेव्हा लक्षात आलं की तो कणीक मळताना तिला पीळ देत ताणतो. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला ते वेगळं काही वाटतच नव्हतं. चाचांचे सात आटे त्याच जातीचे.

शिकणारा कोण

सांगणाऱ्याइतकाच शिकणारा महत्त्वाचा, आणि इथे बहुतेक कार्यालयं चुकतात. ठेकेदाराचा पोरगा हुशार असला तरी तीन महिन्यांत चाकणला कंपनीत जाईल ही भीती खरी होती. त्याच्या डोक्यात भरलेलं त्याच्याबरोबर जाणार. म्हणून मी फिल्टरवरचा एक कायम कर्मचारी मागितला, आयटीआय झालेला फिटर. फिल्टरचं काम अडेल म्हणून त्यावर महिनाभर टिपण्या फिरल्या. दुसरा म्हणून मोमीनपुऱ्यातलाच ठेकेदाराचा पोरगा ठेवला, कारण त्याला गल्लीबोळ आणि माणसं माहीत. फिटरला यंत्र कळत होतं, पोराला गाव. एकटा कोणीही पुरला नसता.

चाचांसाठी दोन गोष्टी केल्या. निवृत्तीनंतर सहा महिने मानधनावर प्रशिक्षक म्हणून घेण्याचा ठराव सभेत मंजूर करून घेतला, निवृत्तीच्या आधीच. आणि पहिल्या दिवशी फिटरला सर्वांदेखत सांगितलं की व्हॉल्व्हच्या बाबतीत चाचांचा शब्द माझ्या वरचा. चाचा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मला न विचारता त्यांनी आम्हाला एका पानटपरीखाली गेलेला व्हॉल्व्ह दाखवला. त्याच वरच्या व्हॉल्व्हसाठी आम्ही तीन ठिकाणी रस्ता फोडला होता.

पहिले तीन आठवडे चाचा फिरवत, दोघं बघत. मग दोघं फिरवू लागले, चाचा कट्ट्यावर बसून आवाज ऐकत. "रुक, रुक. हवा हाय अजून." हा टप्पा सर्वात उपयोगाचा ठरला. चूक होताना पाहिली की चाचांना सांगायला सुचे. "तुम्ही काय करता?" असं विचारल्यावर जे कधी बाहेर आलं नसतं ते "असं नको" म्हणताना आपोआप येई.

वही

साधी लांब वही घेतली. प्रत्येक व्हॉल्व्हला एक पान. रकाने नाहीत. पानाच्या डोक्यावर जागा, तीही दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजून: मशिदीच्या ओट्याच्या कोपऱ्यापासून इतकं, डीपीच्या खांबापासून इतकं. एका खुणेवर भागत नाही, खांब हलतो, ओटा तुटतो. दोन मापं असली की रस्ता वर चढला तरी जागा सापडते. भिंतीवर लाल ऑईलपेंटने बाण. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरच्या नहरीच्या वाटेवर बांधीव बंबे, म्हणजे मनोऱ्यासारखे खांब, उभे आहेत. 17 व्या शतकाच्या सुरुवातीची ती नहर जमिनीखालून जाते, पण बंब्यांमुळे तिची वाट वर डोळ्यांना दिसते. आमच्या गावात मात्र दर डांबरीकरणाबरोबर एकेक खूण आम्हीच गाडत आलो. बांधकाम विभाग रस्ता करतो, पाणीपुरवठा विभागाला विचारत नाही, आणि दोन्ही विभागांची दारं समोरासमोर आहेत.

जागेखाली आटे: एकूण किती, उलटा की सुलटा, कुठल्या वेळी कितीवर थांबायचं. आणि त्याखाली मोकळी जागा, गोष्टीसाठी. चाचा मोबाईलमध्ये बोलत, फिटर रात्री ऐकून लिहून काढी. एका पानावर असं आहे: 'हा उघडायच्या आधी माळी गल्लीचा उघडावा. नाहीतर हवा परत येते आणि टाकीजवळचा सांधा उडतो. दोनदा उडालाय. पहिल्या वेळी मी नवा होतो.' चौदा रकान्यांत यातलं एक वाक्यही बसलं नसतं.

झेरॉक्स कंपनीत जुलियन ऑर या मानवशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात यंत्रदुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत फिरून पाहिलं, तर ते कंपनीच्या जाडजूड माहितीपुस्तकापेक्षा एकमेकांच्या गोष्टींवर जास्त चालत होते. 'त्या यंत्राला असं झालं होतं, मग मी असं केलं.' पुढे कंपनीने तंत्रज्ञांच्या युक्त्या गोळा करण्याची व्यवस्था केली, तेव्हा तंत्रज्ञांना पैशाच्या बक्षिसापेक्षा युक्तीखाली आपलं नाव असावं हे महत्त्वाचं वाटलं. हे मला ठाऊक होतं म्हणून वहीच्या प्रत्येक पानाखाली दोन ओळी ठेवल्या: सांगणारा, तपासणारा. पहिल्या ओळीवर चाचा उर्दूत सही करत. पान वाचून दाखवल्याशिवाय सही करत नसत, आणि वाचताना नेहमी एखादी दुरुस्ती सांगत.

वहीत एक पान व्हॉल्व्हचं नाही, बारवेचं आहे. 2016 च्या दुष्काळात मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टँकरची, सुमारे 5 लाख लिटर. तेव्हा मी या गावात नव्हते. पण चाचांनी सांगितलं की त्या उन्हाळ्यात त्यांनी ओढ्याकाठच्या जुन्या बारवेपासून खालच्या वस्तीकडे जाणारी बंद पडलेली बिडाची लाईन शोधून दिली होती. बारव उपसून, लाईन जोडून खालच्या वस्तीला दीड महिना वापरायचं पाणी मिळालं. पाऊस पडला, जोड काढला, आणि कार्यालयात त्याचा एक कागद नाही. टँकरची बिलं मात्र सगळी आहेत. संस्था ज्यावर पैसे खर्च होतात तेच लक्षात ठेवते, हे मी त्या दोन फायली शेजारी ठेवून पाहिलं.

जिथे चाचा चुकत होते

हा भाग लिहायला जड जातो, पण तो टाळला तर प्रकरण अर्धवट राहील. अनुभवी माणसाचं सगळंच ज्ञान नसतं. त्यात जुन्या सवयी आणि जुने हुकूमही मिसळलेले असतात. फिटरने पानं शेजारी शेजारी लावली तेव्हा एक गोष्ट उघड झाली. एकाच टाकीवरच्या दोन वस्त्या, उंची जवळजवळ सारखी, पण पेठेला अडीच तास पाणी आणि शेवटच्या टोकाच्या वस्तीला पाऊण तास, तेही रात्री. का? चाचांना विचारलं. ते म्हणाले, "पयल्यापासून तसंच हाय." फिटरने दोन्हीकडे प्रेशर गेज लावलं, बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं. टोकाच्या वस्तीला माणशी जे मिळत होतं ते पेठेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही नव्हतं.

चाचा दोन दिवस गप्प होते. मला वाटलं, दुखावले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. "तवाच्या साहेबानं सांगितलं व्हतं, पेठेला जास्त सोड. साहेब गेला, मी तसंच सोडत राहिलो. कुणी इचारलं नाही, मीबी इचार केला नाही." त्यांच्याच समोर आटे बदलले. पेठेतून तक्रारी आल्या, एका नगरसेवकाचा फोन आला, मी मोजलेले आकडे पुढे ठेवले. वेळ दीड-दीड तासावर आणली.

लिहून ठेवण्याचा फायदा माणूस गेल्यावर होतो असं आपण समजतो. इथे माणूस समोर असतानाच झाला. डोक्यात असलेल्या गोष्टीला प्रश्न विचारता येत नाही. कागदावर दोन पानं शेजारी आली की येतो. ती वस्ती कोणाची आहे हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. पंचवीस वर्षं तिथल्या बायका रात्री अकराला नळापाशी बसत होत्या, आणि ही गोष्ट आमच्या एकाही अहवालात नव्हती.

निवृत्तीनंतर

चाचा ठरल्या दिवशी निवृत्त झाले. नारळ, शाल, सगळं झालं. मानधनाचे पहिले तीन महिने ते रोज पहाटे आले. नंतर आम्ही ठरवलं की बोलावल्याशिवाय यायचं नाही, आणि पोरांनी अडल्यावरच फोन करायचा. फोन केला की त्या दिवशी वहीत काय कमी होतं ते लिहायचं. हाच आमचा मोजमापाचा गज. सुरुवातीला आठवड्याला चार-पाच फोन, सहाव्या महिन्यात पूर्ण महिन्यात दोन. त्यातला एक खरा होता, दुसरा पोराने चाचांची तब्येत विचारायला केला होता.

पहिल्या मृगात फिटर चाचांच्या यादीतल्या सहा जागांवर गेला. दोन ठिकाणी ओल होती. तिसरी गळती यादीत नसलेल्या जागी निघाली, ती त्याने स्वतःच्या हाताने नवं पान करून लिहिली आणि 'सांगणारा' या ओळीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव घातलं.

एक गोष्ट मात्र आम्हाला वहीत घेता आली नाही. कोणाच्या घरी मयत झाली की चाचा बारी नसताना त्या गल्लीचा व्हॉल्व्ह अर्धा तास उघडत. घर हिंदूचं की मुसलमानाचं, पाहत नसत. लग्नघराला, उरुसाला, 14 एप्रिलला, पोळ्याला बाऱ्या पुढेमागे करत. कोणाची बारी कोणाकडून उसनी घ्यायची आणि कधी फेडायची, हे त्यांच्या डोक्यात असे. फिटर म्हणाला, "मॅडम, हे लिहायचं तर नियम लागेल. नियम नसताना मी सोडलं तर उद्या माझ्यावर कारवाई." त्याचं बरोबर होतं. मी सभेपुढे प्रस्ताव ठेवला, मयतीच्या घरी एक टँकर मोफत द्यावा असा. तो अजून प्रलंबित आहे. लग्न-उरुसाचं मोमीनपुऱ्यातला पोरगा आपल्या परीने निभावतो, पण तो अजून ठेकेदाराकडेच आहे आणि दर अकरा महिन्यांनी त्याची नवी ऑर्डर निघते. चाचांच्या वेळी जे केलं तेच आपण पुन्हा करतो आहोत, हे मी दोनदा लेखी कळवलं आहे.

वहीच्या तीन प्रती आहेत: एक कार्यालयात, एक फिल्टरवर, एक फिटरच्या पिशवीत. कार्यालयातली कोरी करकरीत आहे. पिशवीतलीला पाण्याचे डाग पडलेत, पानांचे कोपरे गेलेत आणि वेशीच्या व्हॉल्व्हच्या पानावर सात खोडून निळ्या शाईने आठ केलंय. शेजारी लिहिलंय, 'वरच्या अंगाला नवीन अपार्टमेंटची लाईन जोडली तेव्हापासून.'

नऊ व्हॉल्व्ह अजून सापडलेले नाहीत. त्यातले पाच तरी आठवडी बाजाराच्या रस्त्याखाली आहेत असं चाचा म्हणतात. त्या रस्त्याचं सिमेंट काँक्रिटीकरण मंजूर झालं आहे. काम सुरू व्हायच्या आधी चाचांना रिक्षातून नेऊन, त्यांना आठवेल तिथे तिथे खडूने खुणा करून, टेपने मापं घ्यायची असं ठरलं आहे. बाजार गुरुवारी असतो, म्हणून बुधवारी पहाटे पाचला.